मोटरहोमने निघालात? डिझेल कुठे भरायचे, हे काटा नव्हे, पुढचा घाट ठरवतो

पिंपळनेरहून चारही दिशांना निघणाऱ्या मार्गांच्या उदाहरणातून समजून घ्या इंधन थांब्याचे गणित

कार असेल तर पेट्रोल पंप निवडण्याचा फार विचार करावा लागत नाही. काटा खाली आला की दिसेल त्या पंपावर गाडी वळवायची. मोटरहोमचे तसे नाही. ही गाडी उंच, लांब आणि जड असते. आत पलंग, फ्रिज, शेगडी, पाण्याची टाकी आणि अनेकदा कुटुंबातील लहान मुले व ज्येष्ठही असतात. चुकीच्या पंपावर शिरल्यास ती वळवता येत नाही आणि घाटात डिझेल संपल्यास अख्खे घरच रस्त्यात अडकते.

राज्याच्या पर्यटन विभागाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यानंतर मोटरहोम भाड्याने घेऊन फिरणारे आणि टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीचे घर करून घेणारे, असे दोन्ही प्रकारचे प्रवासी वाढू लागले. धोरणात कॅराव्हॅन पार्कची तरतूद असली, तरी असे पार्क प्रत्येक मार्गावर नाहीत. त्यामुळे आजही अनेक प्रवाशांसाठी पेट्रोल पंप हाच इंधन, पाणी, हवा, शौचालय आणि विश्रांतीचा एकत्रित थांबा ठरतो. तो निवडायचा कसा, हे धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर केंद्रस्थानी ठेवून पाहू.

पिंपळनेरच का?

पांझरा नदीकाठचे साक्री तालुक्यातील हे गाव खान्देश आणि बागलाणच्या सीमेवर आहे. इथून दक्षिणेला शेलबारी घाट उतरला की ताहाराबाद, मांगीतुंगी आणि जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला साल्हेर किल्ला हा पट्टा सुरू होतो. पश्चिमेला चरणमाळ घाटातून नवापूरकडे जाता येते. पूर्वेला सुमारे 25 किलोमीटरवर साक्रीत सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्ग 53 मिळतो. वनसंवर्धनासाठी ओळखले जाणारे बारीपाडा याच परिसरात आहे.

म्हणजे एकाच गावातून घाट, राज्याची सीमा, आदिवासी पट्ट्यातील आतले रस्ते आणि मोठा महामार्ग असे चारही प्रकारचे रस्ते फुटतात. प्रत्येक रस्त्यासाठी इंधनाचा हिशेब वेगळा आहे.

एका टाकीत गाडी खरोखर किती जाते?

समजा, टाकी 70 लिटरची आहे आणि अ‍ॅव्हरेज लिटरला 9 किलोमीटर आहे. कागदावर पल्ला 630 किलोमीटर होतो. प्रत्यक्षात त्यातून तीन गोष्टी वजा कराव्या लागतात.

पहिली, राखीव साठा. टाकीचा पाव भाग, म्हणजे साधारण 17 लिटर डिझेल वापरायचेच नाही, असे धरून चालावे. उरले 53 लिटर. दुसरी, घाट आणि वजन. चढणीवर, एसी सुरू असताना आणि पाण्याची टाकी भरलेली असताना अ‍ॅव्हरेज 9 वरून 7 पर्यंत आले, तर भरवशाचा पल्ला 370 किलोमीटरच राहतो. तिसरी, उभ्या गाडीत जळणारे डिझेल. एसीसाठी इंजिन चालू ठेवले तर तासाला लिटरभर तरी डिझेल जाते. दुपारच्या विश्रांतीत तीन तास असे गेले, की 20 किलोमीटरहून अधिक पल्ला कमी झाला.

थोडक्यात, 630 किलोमीटरची टाकी खान्देशातील घाटरस्त्यांवर 350 किलोमीटरची समजावी. नियोजन याच आकड्यावर करावे.

पाव टाकीचा नियम कशासाठी?

डिझेल गाडी पूर्ण कोरडी पडली, तर नंतर पाच लिटर ओतून ती लगेच सुरू होईलच असे नाही. इंधनाच्या नळीत हवा शिरते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘एअर घेते’. मग पंप मारून ती हवा काढावी लागते. आधुनिक कॉमन रेल इंजिनात डिझेल हेच पंप आणि इंजेक्टरचे वंगण असते. त्यामुळे कोरडे चालल्याने महागडे सुटे भाग खराब होऊ शकतात.

दुसरे कारण पुरवठ्याचे आहे. उत्तर महाराष्ट्रातील पंपांना मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोंतून मोठा पुरवठा होतो. 1 आणि 2 जानेवारी 2024 रोजी ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरोधात चालकांनी काम बंद केले. पानेवाडीतून टँकर निघाले नाहीत आणि पंपांवर रांगा लागल्या. ज्यांच्या टाकीत पाव भाग शिल्लक होता, त्यांना निदान घर गाठता आले. मोटरहोमवाल्यांसाठी तर टाकी म्हणजे पंखा, फ्रिज आणि परतीचे तिकीट असे सगळेच असते.

कोणत्या दिशेला निघताना कुठे भरायचे?

• नाशिक, साल्हेर, मांगीतुंगीकडे: पिंपळनेरमध्येच भरून शेलबारी घाटाला लागावे. पुढचा मोठा थांबा ताहाराबाद किंवा सटाणा धरावा. साल्हेरच्या पायथ्याकडे वळण्याआधी टाकी अर्ध्याहून अधिक असावी, कारण आतल्या रस्त्यांवर पंप विरळ असतात आणि आलात तेवढेच अंतर परत यायचे असते.

• नवापूर, सुरतकडे: चरणमाळचा रस्ता अंतराने जवळचा वाटला तरी वळणे तीव्र आहेत. लांब मोटरहोमसाठी दहिवेलला महामार्ग 53 गाठून कोंडाईबारी घाटातून जाणे सोयीचे. डिझेल घाटाआधी भरावे. घाट उतरल्यावर गुजरात सीमा जवळ येते, तेव्हा दराचा विचार करता येतो.

• धुळे, जळगाव, भुसावळकडे: हा सर्वांत सोपा मार्ग. महामार्गावर मोठे पंप आहेत. धुळे ते जळगाव सुमारे 95 किलोमीटर आहे. इथे जागा पाहून निवड करता येते, घाई करण्याचे कारण नाही.

• शिरपूर, सेंधवा, इंदूरकडे: धुळ्यानंतर महामार्ग 52 लागतो. शिरपूर परिसरात टाकी भरावी, मग पळासनेरमार्गे मध्य प्रदेशात शिरावे.

• चाळीसगाव, वेरूळकडे: मध्ये कन्नडचा औट्रम घाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट 2023 पासून या घाटात जड वाहनांना बंदी घालण्यात आली. बसच्या चॅसिसवर बांधलेले मोठे मोटरहोम असेल, तर सध्या कोणत्या वाहनांना प्रवेश आहे, याची चौकशी चाळीसगावच्या आधीच करावी. पर्यायी मार्गाचे जादा अंतर इंधनाच्या हिशेबात आधीच धरावे.

सीमेपलीकडे जाऊन स्वस्त इंधन भरणे परवडते का?

इंधनाचा मूळ दर जवळपास सारखा असला, तरी राज्याचा कर वेगळा असल्याने सीमेवर दर बदलतात. महाराष्ट्रात जून 2024 च्या अर्थसंकल्पानुसार मुंबई परिसराचा जादा कर कमी करून राज्यभर एकच दर करण्यात आला. पेट्रोलवर 25 टक्के अधिक लिटरमागे 5 रुपये 12 पैसे आणि डिझेलवर 21 टक्के. गुजरातेत पेट्रोलवरील कर बराच कमी आहे. म्हणूनच नवापूरकडची अनेक वाहने पेट्रोलसाठी सीमा ओलांडतात. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत आहे. सीमा इतकी जवळ असल्यावर पंपही जवळच.

मात्र बहुतांश मोटरहोम डिझेलवर चालतात आणि डिझेलच्या दरातील फरक पेट्रोलच्या तुलनेत खूपच कमी असतो. त्यामुळे आधी साधा हिशेब करावा. डिझेल 92 रुपये आणि अ‍ॅव्हरेज 9 धरले, तर गाडी एक किलोमीटर चालवायला साधारण 10 रुपये लागतात. पलीकडे डिझेल लिटरला 2 रुपयांनी स्वस्त असेल आणि 50 लिटर भरायचे असेल, तर बचत 100 रुपये. म्हणजे जाऊन-येऊन 10 किलोमीटरपेक्षा जास्त वळसा घेतला की बचत संपली आणि खिशातून पैसे जाऊ लागले.

नियम सोपा आहे. स्वस्त पंप वाटेतच असेल तर तिथे भरा. त्याच्यासाठी वाट वाकडी करू नका. जून 2017 पासून दर रोज सकाळी सहा वाजता बदलू शकतात. त्यामुळे तेल कंपन्यांच्या अ‍ॅपवर त्या दिवसाचा दर पाहूनच निर्णय घ्यावा.

पंपावर शिरण्याआधी काय पाहायचे?

उंची: रूफ एसी, सोलर पॅनल आणि कॅरिअर बसवल्यावर गाडीची उंची कंपनीच्या पुस्तकातील आकड्यापेक्षा वाढते. टेपने मोजून तो आकडा मीटर आणि फूट दोन्हींत डॅशबोर्डवर चिकटवावा. गावातील जुन्या पंपांचे शेड महामार्गावरील पंपांपेक्षा खाली असू शकते. ट्रक ज्या रांगेत उभे राहतात, ती रांग निवडणे सर्वांत सुरक्षित.

बाहेर पडण्याचा रस्ता: एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, असा पंप निवडावा. रिव्हर्स घेऊन रस्त्यावर यावे लागेल, असा पंप टाळावा.

चढ-उतार: मागच्या चाकापलीकडे गाडीचा बराच भाग बाहेर असेल, तर पंपाच्या उंचवट्यावर मागचा बंपर किंवा सांडपाण्याची टाकी घासते. उंचवटा तिरका आणि हळू ओलांडावा.

टाकीचे झाकण कोणत्या बाजूला: काट्याशेजारील छोटा बाण ते दाखवतो. मात्र मोटरहोममध्ये बाहेरच्या बाजूला पाण्याच्या टाकीचेही झाकण असते. पंपावरील कर्मचाऱ्याने असे वाहन रोज पाहिलेले नसते. पाण्याच्या टाकीत डिझेल गेले, तर टाकी, नळ्या आणि मोटर सगळेच बदलण्याची वेळ येते. दोन्ही झाकणांवर ‘डिझेल’ आणि ‘पाणी’ असे मराठी व हिंदीत ठळक लिहावे आणि भरताना स्वतः खाली उतरून उभे राहावे.

युरिया: अनेक बीएस-6 डिझेल गाड्यांना डिझेलबरोबर डीईएफ लागते. चालक त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात. ते 32.5 टक्के युरिया आणि शुद्ध पाण्याचे द्रावण असते. ते संपले तर इंजिनाची ताकद घटते किंवा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. प्रत्येक ग्रामीण पंपावर ते मिळेल याची खात्री नसते. धुळ्यासारख्या मोठ्या गावातच ते भरून घ्यावे. जादा कॅन ठेवल्यास उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने ते लवकर खराब होते. ते चुकूनही डिझेलच्या टाकीत ओतू नये.

उन्हाळ्यात टाकी काठोकाठ का भरू नये?

खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा 44 अंशांपर्यंत जातो. पंपाच्या जमिनीखालील टाकीतून येणारे डिझेल तुलनेने थंड असते. ते गाडीच्या टाकीत तापते आणि फुगते. 70 लिटर डिझेल 15 अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान सुमारे 0.9 लिटरने वाढते. पेट्रोलचे प्रसरण याहून थोडे जास्त असते. नोझल आपोआप बंद झाले की तिथेच थांबावे. ‘अजून पन्नासचे टाका’ असे म्हणून रक्कम गोल करण्याच्या नादात डिझेल बाहेर सांडते.

घाटाआधी वजनही मोजा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 150 लिटर पाणी आणि 70 लिटर डिझेल मिळून 200 किलोहून अधिक वजन होते. म्हणजे गाडीत तीन जादा प्रवासी बसल्यासारखेच. पुढे घाट असेल आणि मुक्कामी पाणी मिळणार असेल, तर डिझेल पूर्ण आणि पाणी निम्मे, असे गणित ठेवावे. गाडी सामानासह एकदा वजनकाट्यावर नेऊन नोंदणी पुस्तकातील कमाल वजनाशी ताडून पाहावी. पंपावर थांबलात की टायरची हवा तपासावी. पंपावर हवा मोफत मिळणे अपेक्षित आहे. पिण्याचे पाणी आणि शौचालय याही तिथल्या मूलभूत सुविधा आहेत.

पंपावर गॅस आणि जनरेटरचे काय?

साध्या कारमध्ये हा प्रश्न येत नाही, मोटरहोममध्ये तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पंपाच्या आवारात शिरण्याआधीच शेगडी बंद करून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. फ्रिज गॅसवर चालत असेल तर तोही बंद करावा, कारण त्यात छोटी ज्योत सतत जळत असते. जनरेटर चालू असेल तर बंद करावा. चहा ठेवायचा असेल तर इंधन भरून, पंपापासून दूर गेल्यावरच.

जादा डिझेल किंवा पेट्रोलचे कॅन राहण्याच्या केबिनमध्ये ठेवू नयेत. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि बंद केबिनमध्ये एक ठिणगीही पुरते. पाव टाकीचा नियम पाळला, तर कॅनची गरजच पडत नाही.

रात्री पंपावर मुक्काम करता येतो का?

हा हक्क नाही, ती सवलत आहे. आधी पंपाच्या व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी, शक्यतो तिथेच इंधन भरावे आणि गाडी इंधनाच्या टाक्या व टँकर रिकामा करण्याच्या जागेपासून दूर लावावी. ट्रकचालकांसाठीच्या विश्रांतीच्या जागा अडवू नयेत. दिवसभर गाडी चालवलेल्या चालकाला झोप मिळाली नाही, तर धोका रस्त्यावरील सगळ्यांनाच असतो.

जागा निवडताना उतार पाहावा. जुलै 2023 मध्ये शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान 10 जणांचा जीव गेला. लांब उतार जिथे संपतो, त्या ठिकाणी रस्त्याला चिकटून कधीही मुक्काम करू नये. गाडी आणि महामार्ग यांच्यात अंतर आणि काहीतरी आडोसा असावा.

झोपताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नये. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात समोर आले. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणे हा मोटरहोममधील सर्वांत स्वस्त विमा आहे.

कमी इंधन दिल्याची शंका आली तर?

मोटरहोममध्ये एका वेळी चार-पाच हजारांचे डिझेल जाते. त्यामुळे माप तपासून घेण्यात संकोच नको. मीटर शून्यावर आहे हे पाहावे. शंका असल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागावी. वैध मापन विभागाचा शिक्का असलेले हे माप पंपावर असणे बंधनकारक आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. भेसळीची शंका असल्यास घनता तपासून मागता येते. पंपावर नोंदवलेल्या घनतेपेक्षा फरक घनमीटरमागे 3 किलोपेक्षा जास्त नसावा. समाधान न झाल्यास पंपावरील तक्रारवहीत नोंद करावी किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करावी. पावती मात्र हवीच.

सीएनजी किंवा पेट्रोलवरील गाडी असेल तर?

छोट्या व्हॅनचे घर करून घेतले असेल, तर ती अनेकदा पेट्रोल किंवा सीएनजीवर असते. सीएनजी पंप सर्वत्र नसल्याने मार्ग ठरवताना पंप सुरू आहे का, हे फोन करून विचारावे आणि टाकीत पेट्रोल ठेवावे. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली असावी, अन्यथा पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर तेच जुने पेट्रोल घेऊन थेट घाटाला लागू नये. आधी जवळपास चालवून ताजे पेट्रोल भरावे.

निघण्यापूर्वी ही यादी तपासा

• भरवशाचा पल्ला किती, तो आकडा लिहून ठेवा. पाव टाकी त्यात धरू नका.
• मार्गातील घाट आणि राज्याच्या सीमा नकाशावर खुणावा. प्रत्येक घाटाआधीचा एक पंप आणि त्याला एक पर्याय निवडा.
• ग्रामीण भागातील पंप रात्री बंद असू शकतात. शक्यतो अंधार पडण्याआधी डिझेल भरा.
• आतल्या भागात नेटवर्क गेले की यूपीआय चालत नाही. किमान अर्ध्या टाकीचे पैसे रोख ठेवा. नकाशाही ऑफलाइन डाउनलोड करा.
• गाडीची उंची, इंधनाचा प्रकार आणि युरियाची गरज यांची चिठ्ठी डॅशबोर्डवर लावा. भाड्याची गाडी असेल तर हे ताबा घेतानाच विचारा.
• राष्ट्रीय महामार्गावर अडकल्यास 1033, आणीबाणीत 112 या क्रमांकावर संपर्क साधा.